नावे अनेक, गाभा एकच

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय वेब ब्राउझर विकसित करण्याची स्पर्धा घोषित केली आणि मार्च २०२५ मध्ये तिचा निकाल जाहीर झाला. एकूण ३ कोटी ४१ लाख रुपयांच्या या स्पर्धेत एक कोटीचे प्रथम पारितोषिक झोहो या भारतीय कंपनीने पटकावले. ज्या देशाचे अभियंते जगभरच्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर घडवतात, त्या देशाला स्वतःचा ब्राउझर असावा ही आकांक्षा स्वागतार्ह आहे. त्यासाठी पुढे आलेल्या अभियंत्यांचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु कौतुकाचा भर ओसरला की एक अवघड प्रश्न समोर उभा राहतो. ब्राउझर आपला झाला, म्हणजे नेमके काय आपले झाले? झोहोचा ‘उला’ हा ब्राउझर ज्या क्रोमियम नामक पायावर उभा आहे, तो पाया गूगलने घातलेला आहे. यात झोहोला दोष देण्याचे कारण नाही. कारण जगातील बहुतेक ब्राउझरांची आज हीच स्थिती आहे, आणि चिंतेचा विषय नेमका हाच आहे.

हा प्रश्न समजून घ्यायचा तर ब्राउझरचे दोन भाग वेगळे पाहावे लागतात. पत्ता लिहिण्याची पट्टी, बटणे, खुणा, रंगरूप हा झाला बाहेरचा साज. संकेतस्थळाची आज्ञावली वाचून तिचे पडद्यावरील पानात रूपांतर करणारे जे यंत्र आत असते, त्याला इंजिन म्हणतात. अक्षरे कशी जुळतील, रकाने कोठे बसतील, बटण दाबल्यावर काय घडेल, हे सारे इंजिन ठरवते. मोठ्या प्रमाणावर वापरात असलेली अशी इंजिने आज जगात तीनच उरली आहेत. गूगलचे ब्लिंक, अ‍ॅपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट ही सर्व नावे ब्लिंकवर चालतात. २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा गाजावाजा करत आलेले ‘कॉमेट’ आणि ‘अ‍ॅटलस’ हे ब्राउझरही त्याच पायावरचे. दुकानाच्या पाट्या दहा आहेत, पण माल एकाच गिरणीतून येतो. अशा बाजाराला स्पर्धा म्हणावे काय?

हा प्रसंग जगावर प्रथमच आलेला नाही. युरोपातील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची रचना केली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने तिचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. वेबवर कोणाची मालकी राहणार नाही, हा तिचा जन्मसिद्ध स्वभाव त्या दिवशी निश्चित झाला. १९९४ च्या अखेरीस नेटस्केपचा ब्राउझर आला आणि पाहता पाहता लोकप्रिय झाला. ऑगस्ट १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर रणात उतरवला. पुढील तीन-चार वर्षे दोघांनी एकमेकांवर कुरघोडी करण्यासाठी नवनव्या सोयींचा वर्षाव केला. प्रत्येकाची सोय निराळी, तिची भाषा निराळी. एकाच्या ब्राउझरसाठी लिहिलेले पान दुसऱ्यात मोडून पडू लागले.

या युद्धाची खरी झळ बसली ती संकेतस्थळे घडवणाऱ्या सामान्य वेब डेव्हलपरला. एक साधे उदाहरण पुरेसे आहे. एखाद्या रकान्याची रुंदी ३०० आणि आतील दोन्ही बाजूंची मोकळी जागा २० अशी ठरवली, तर एक्सप्लोररच्या जुन्या आवृत्त्या तो रकाना ३०० चाच काढत. मानकानुसार मात्र तो ३४० चा व्हायला हवा होता. एवढ्याशा फरकाने अख्ख्या पानाची मांडणी कोसळत असे. मग एकाच पानासाठी दोन प्रकारची आज्ञावली लिहायची, समोर कोणता ब्राउझर आहे हे ओळखण्याच्या युक्त्या योजायच्या, आणि तेही जमले नाही तर ‘हे संकेतस्थळ अमुक ब्राउझरमध्येच उत्तम दिसेल’ अशी पाटी लावून मोकळे व्हायचे. वेबचा जन्म ज्या सर्वसमावेशक हेतूने झाला, त्या हेतूचाच पराभव त्या पाटीवर लिहिलेला होता.

युद्धाचा निकाल गुणवत्तेवर लागला असता तर वेगळी गोष्ट होती. मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर विंडोजबरोबर जोडून दिला. संगणक विकत घेणाऱ्याच्या पुढ्यात तो आयताच येऊन बसला. मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकार न्यायालयात गेले. जून २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश झाला. जून २००१ मध्ये अपिलीय न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मात्र कंपनीने आपली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली, हा ठपका कायम राहिला. तोवर नेटस्केप मैदानातून जवळपास बाद झालेला होता. लवकरच एक्सप्लोररचा वाटा नव्वद टक्क्यांच्या पुढे गेला.

आता एकच ब्राउझर उरला, तेव्हा डेव्हलपरचे काम सोपे झाले असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात काय घडले? ऑगस्ट २००१ मध्ये एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली आणि सातवी यायला ऑक्टोबर २००६ उजाडला. प्रतिस्पर्धी नाही म्हटल्यावर सुधारणा करण्याची निकडच राहिली नाही. पाच वर्षे जगाचे वेब एका थांबलेल्या घड्याळाप्रमाणे चालले. त्यातील दोष, सुरक्षिततेची भगदाडे आणि अर्धवट पाळलेली मानके यांचे ओझे डेव्हलपरांनी पुढे दशकभर वाहिले. अखेर मार्च २०११ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टलाच आपल्या सहाव्या आवृत्तीचा वापर थांबवा, अशी मोहीम हाती घ्यावी लागली. मक्तेदारीने दिलेली सोय किती महागात पडते, याला याहून मोठा पुरावा कोणता?

या संदर्भात दक्षिण कोरियाचा अनुभव तर स्वदेशीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावा असा आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांमुळे परदेशी जाणाऱ्या ब्राउझरांत कूटलेखनाची ताकद मुद्दाम कमी ठेवली जाई. तेव्हा कोरियाने स्वाभिमानाने ‘सीड’ नावाची स्वतःची कूटलेखनपद्धती विकसित केली आणि बँकव्यवहारांसाठी डिजिटल प्रमाणपत्रांची व्यवस्था उभारली. हेतू उत्तम होता. परंतु ही व्यवस्था ब्राउझरमध्ये चालवण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या ‘अ‍ॅक्टिव्हएक्स’ या खाजगी तंत्राचा आधार घेतला गेला, आणि ते तंत्र फक्त एक्सप्लोररमध्येच चालत असे. परिणाम असा झाला की, अत्यंत पुढारलेल्या या देशात वर्षानुवर्षे एक्सप्लोररखेरीज बँकेचा व्यवहार करणे दुरापास्त झाले. जग पुढे निघून गेले तरी कोरियाची बँकसंकेतस्थळे जुन्याच खुंट्याला बांधलेली राहिली. ती प्रमाणपत्रव्यवस्था मोडीत निघायला डिसेंबर २०२० उजाडला. कुलूप स्वदेशी होते, पण ते परक्याच्या दाराला लावलेले होते. खुल्या मानकांचा आधार नसलेली स्वदेशी ही परावलंबनाकडेच कशी नेते, याचा हा धडा आहे.

जगाची त्या साचलेपणातून सुटका झाली ती पुन्हा स्पर्धा उभी राहिल्यामुळे. नेटस्केपने १९९८ मध्ये आपली आज्ञावली जगासाठी खुली केली. त्यातून मोझिलाचे कार्य उभे राहिले आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. अ‍ॅपलने २००३ मध्ये सफारी आणला. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलचा क्रोम आला. त्याने जावास्क्रिप्टची गती अशी वाढवली की, इतरांना स्वस्थ बसणे अशक्य झाले. या वेळची स्पर्धा मात्र पहिल्यापेक्षा निराळी होती. प्रत्येकाने स्वतःची वेगळी भाषा काढण्याऐवजी एकच मानक कोण अधिक चांगले पाळतो, यावर चढाओढ लागली. मार्च २०१७ मध्ये पानाच्या मांडणीची ‘ग्रिड’ ही पद्धत फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिघांत एकाच महिन्यात दाखल झाली. ज्या डेव्हलपरने पूर्वी एकेका रकान्यासाठी रात्री जागवल्या होत्या, त्याला ही केवढी मोठी देणगी होती!

पराभूताच्या पदरातही काही चांगले असते, हेही न्यायबुद्धीने नोंदवले पाहिजे. पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून माहिती मागवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये एक्सप्लोररमध्ये प्रथम आणली. पुढे जीमेलसारख्या सेवा त्याच कल्पनेवर उभ्या राहिल्या. रकान्याची रुंदी मोजण्याची एक्सप्लोररची ती जुनी रीतसुद्धा पुढे मानकात पर्याय म्हणून आली आणि आज बहुसंख्य डेव्हलपर तीच पसंत करतात. चार ठिकाणी स्वतंत्रपणे विचार होतो, तेव्हाच अशा कल्पना जन्माला येतात. विचार करणारी ठिकाणेच कमी झाली, तर कल्पना कोठून येणार?

आणि ती ठिकाणे कमी होत आहेत. नॉर्वेच्या ऑपेराने स्वतःचे इंजिन २०१३ मध्ये सोडून दिले. डिसेंबर २०१८ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने हत्यार खाली ठेवले आणि आपला एज ब्राउझर क्रोमियमवर नेण्याचे घोषित केले. जानेवारी २०२० मध्ये तो तसा उपलब्धही झाला. ज्या कंपनीने एके काळी जगाचे वेब मुठीत ठेवले, जिच्याकडे पैशाची वा बुद्धीची वाण नाही, तिलाही स्वतंत्र इंजिन राखणे परवडू नये, यामागचे एक कारण डेव्हलपरांच्या सवयीत आहे. संकेतस्थळ क्रोममध्ये चालले की काम संपले, अशी वृत्ती बळावली. मग इतर ब्राउझरांत पान मोडले की दोष त्या ब्राउझरच्या माथी! मोबाइलच्या आरंभकाळात तर फक्त वेबकिटसाठी राखीव असलेले उपसर्ग लिहिण्याची प्रथा इतकी फोफावली की, ऑपेरा आणि पुढे फायरफॉक्स यांना तेच उपसर्ग आपले म्हणून स्वीकारावे लागले. जुनी पाटी गेली, पण तिच्यामागची वृत्ती मनात तशीच राहिली.

क्रोमियमची आज्ञावली खुली आहे, ती कोणीही घेऊ शकतो, मग भय कशाचे, असे विचारले जाते. आज्ञावली खुली आहे हे खरेच, आणि गूगलने वेबला दिलेले योगदानही नाकारता येणार नाही. पण दिशा कोण ठरवतो, हा त्याहून वेगळा प्रश्न आहे. जानेवारी २०२० मध्ये गूगलने घोषित केले की, क्रोममधून त्रयस्थ कुकीज दोन वर्षांत हद्दपार होतील. जगभरच्या डेव्हलपरांनी त्यासाठी आपल्या रचना बदलायला घेतल्या. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच बदलल्याचे सांगण्यात आले. अनेकांची वर्षांची मेहनत एका घोषणेने सुरू झाली आणि दुसरीने वाया गेली. जाहिराती रोखणाऱ्या जुन्या विस्तारकांचा क्रोममधील आधारही २०२४-२५ मध्ये काढला गेला. जाहिरातींवर जिचे उत्पन्न चालते, तीच कंपनी जाहिराती अडवण्याच्या साधनांचे नियम ठरवते, हे चित्र निरोगी म्हणता येईल काय?

इतर दोन इंजिनांचा आधारही डळमळीत आहे. अ‍ॅपलने आयफोनवर वर्षानुवर्षे आपल्या वेबकिटखेरीज दुसऱ्या इंजिनाला प्रवेश दिला नाही. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून त्याला तेथील देशांपुरती वाट काढून द्यावी लागली. ही बंदी अन्यायकारकच. तरीही तिच्यामुळेच डेव्हलपरला आज निदान दुसऱ्या एका इंजिनाचा विचार करावा लागतो. फायरफॉक्सची कथा त्याहून करुण आहे. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग, गूगलचा शोध आपोआप पुढे ठेवल्याबद्दल, गूगलकडूनच येतो. अमेरिकी न्यायालयासमोर उघड झाले की, अशा करारांपोटी गूगलने २०२१ या एका वर्षात निरनिराळ्या कंपन्यांना २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या न्यायालयाने शोधाच्या क्षेत्रातील गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र क्रोम विकायला लावण्यास नकार दिला आणि एकाधिकार देणाऱ्या करारांना मनाई केली. भारताच्या स्पर्धा आयोगानेही ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या प्रकरणात फोनवर क्रोम आधीच बसवून देण्याचाही मुद्दा होता. न्यायालये दंड करू शकतात, अटी घालू शकतात. पण इंजिन लिहू शकत नाहीत.

मराठी वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. वेबवर मराठी अवतरली त्या आरंभीच्या काळात प्रत्येक संकेतस्थळाचा फाँट निराळा, त्याची अक्षरांची सांकेतिक मांडणी निराळी. वाचकाच्या संगणकावर फाँट आपोआप उतरवण्याची एक्सप्लोररची पद्धत एक, नेटस्केपची दुसरी. ब्राउझर बदलला की मराठी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हांचा कचरा दिसे, आणि असा मजकूर शोधयंत्रालाही सापडत नसे. युनिकोडचे मानक आणि देवनागरी नीट जुळवणारी इंजिने आली, तेव्हा कोठे मराठी मजकूर सर्वत्र सारखा दिसू लागला. ‘वाऱ्याचा’ मधील अर्धा र, ‘ॲ’ सारखे अक्षर यांना जागा मिळायलाही काळ जावा लागला. ‘ॲ’ चा स्वतंत्र संकेत युनिकोडमध्ये आला तो २००८ साली. मराठी ओळ कोठे तुटावी, जोडाक्षर कसे बसावे, हे निर्णय आजही इंजिनाच्या आतच होतात. ते घेताना मराठी जाणणारा माणूस तेथे नसेल, तर ते कोणाच्या सोयीने होतील हे सांगायला ज्योतिषी नको.

भारताला याचा आणखी एक प्रत्यक्ष अनुभव आहे. चीनच्या अलीबाबा समूहाचा यूसी ब्राउझर एके काळी भारतातील मोबाइलवर सर्वाधिक वापरला जाणारा ब्राउझर होता. जून २०२० मध्ये सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात तोही गेला. राष्ट्रहिताचा तो निर्णय योग्यच होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी भारतीयांचे वेब ठप्प झाले नाही, कारण संकेतस्थळे खुल्या मानकांवर उभी होती आणि दुसरा ब्राउझर हाताशी होता. कल्पना करावी की, कोरियाप्रमाणे आपल्याही बँका आणि शासकीय कार्यालये एखाद्या परक्या ब्राउझरच्या खाजगी तंत्राला बांधलेली असती, तर? राष्ट्राची सुरक्षितता पर्याय उपलब्ध असण्यात असते, आणि असे पर्याय संकटाच्या आदल्या दिवशी उभे करता येत नाहीत.

मग करायचे काय? पहिली जबाबदारी शासनाची आहे. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून अस्तित्वात आहेत आणि एकाहून अधिक ब्राउझरांत चाचणी घेण्याची अपेक्षा त्यांत आहे. ती अपेक्षा निविदेतील सक्तीची अट व्हावी. तिन्ही इंजिनांत चाललेले काम तपासल्याखेरीज देयक मंजूर होऊ नये. दुसरे म्हणजे पारितोषिकांचा रोख बाहेरच्या साजाकडून आतल्या यंत्राकडे वळायला हवा. स्वतंत्र इंजिन हे एका वर्षाचे वा एका कोटीचे काम नाही, हे मान्यच. पण सुरुवात लहान असू शकते. स्पेनमधील ‘इगालिया’ ही कामगारांच्याच मालकीची संस्था २००१ मध्ये स्थापन झाली. ‘ग्रिड’ ही मांडणीपद्धत ब्लिंक आणि वेबकिट या दोन्ही इंजिनांत प्रत्यक्ष उतरवण्याचे मोठे काम तिने केले. मोझिलाने सोडून दिलेल्या ‘सर्वो’ या इंजिनालाही ती पुढे नेत आहे. ‘लेडीबर्ड’ नावाचे आणखी एक इंजिन एक ना-नफा संस्था अगदी पायापासून लिहीत आहे. सहकाराचा एवढा वारसा मिरवणाऱ्या महाराष्ट्राला, पुण्यासारखे सॉफ्टवेअरचे केंद्र हाताशी असताना, अशी एखादी संस्था उभारणे अशक्य आहे काय? अशा खुल्या प्रकल्पांत काम करणारे शंभर भारतीय अभियंते शासनाने आणि उद्योगांनी मिळून दहा वर्षे पोसले, तरी मानके ठरवणाऱ्या बैठकांत भारताचा शब्द वजनाने ऐकला जाईल.

उरलेली जबाबदारी स्वतः डेव्हलपरची आहे, आणि ती सर्वांत मोलाची आहे. नागपूर, कोल्हापूर वा नाशिकच्या एखाद्या छोट्या कार्यालयात बसून शाळेचे, पतपेढीचे किंवा बाजारसमितीचे संकेतस्थळ घडवणाऱ्या तरुणाला वाटते की, जगाच्या या मोठ्या खेळात आपण कोण? परंतु मायक्रोसॉफ्टला शरण यायला लावणारी सवय अशाच लक्षावधी तरुणांच्या हातून घडली होती, आणि ती मोडण्याची ताकदही त्यांच्याच हातात आहे. पान पूर्ण झाले की ते फायरफॉक्समध्ये आणि सफारीमध्ये उघडून पाहावे. एकाच ब्राउझरला ठाऊक असलेली सोय मानकात आहे की नाही, याची खात्री करावी. ब्राउझरचे नाव विचारण्याऐवजी हवी ती सोय त्यात आहे का, एवढेच तपासावे. दोष आढळला तर वाट काढून गप्प न बसता तो इंजिनाच्या कर्त्यांना कळवावा. या शिस्तीला फार तर दिवसाचा एखादा तास लागतो. मक्तेदारीची किंमत मात्र दशकांत मोजावी लागते.

भारताचा ब्राउझर असावा, जरूर असावा. पण त्याची कसोटी त्याच्या नावावर वा खुणेवर लागणार नाही. ज्या दिवशी त्याच्या गाभ्यातील ओळी भारतीय अभियंते समजून लिहितील, मानकांच्या मेजावर मराठीचा आणि सर्वच भारतीय भाषांचा आग्रह धरतील, आणि देशातील प्रत्येक संकेतस्थळ कोणत्याही ब्राउझरपुढे उघड्या मनाने उभे राहील, त्या दिवशी हे क्षेत्र खऱ्या अर्थाने आपले झाले असे म्हणता येईल. पारितोषिकाने आरंभ झाला आहे. आता साधनेला लागण्याची वेळ आहे.